सराफाची पारख



मावळातून किंवा खेड-जुन्नरकडून पुण्याला येताना मुळा नदी ओलांडली की थोड्याच वेळात खडकी लागते. लष्कराची छावणी, १८६९ सालापासूनचा दारूगोळ्याचा कारखाना आणि माणसांनी भरलेला खडकी बाजार ही तिची ओळख. लग्नसराईत या बाजारात आणि पुढे पुण्याच्या सराफ बाजारात आपल्यासारख्या बायांची गर्दी असते. कुणी मुलीसाठी मंगळसूत्र पाहतं, कुणी कपाशीचे किंवा दुधाचे पैसे आले म्हणून एखादी अंगठी.

“सराफ कसा निवडला?” असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं. “आमच्या सासऱ्यांपासूनचा आहे.” “माणूस फार गोड बोलतो.” “दुकान मोठं आहे.” ही उत्तरं वाईट नाहीत. पण आपल्या आज्या-पणज्या एवढ्यावर थांबत नव्हत्या. सोन्या-चांदीच्या व्यवहारात विश्वास कसा तयार झाला, त्याची गोष्ट मोठी आहे, आणि तिचं एक वळण याच खडकीत आहे. आज ती गोष्ट ऐकू, म्हणजे दुकानात काय विचारायचं ते आपोआप कळेल.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकी आणि गणेशखिंड यांच्यामधल्या माळावर पेशव्यांची फौज आणि इंग्रजांची फौज यांची लढाई झाली. पेशव्यांकडून बापू गोखले लढत होते. दुसरे बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होते. इंग्रजांचा रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरचा बंगला सोडून खडकीच्या छावणीत आला होता. लढाई इंग्रजांनी जिंकली आणि बारा दिवसांत पुणे त्यांच्या हाती गेलं. राज्य बदललं, हे आपण शाळेत शिकतो. पण राज्याबरोबर रुपयाही बदलला, आणि त्यामुळे सराफाचं कामही बदललं.

पेशवाईत रुपया एक नव्हता, रुपये पुष्कळ होते. पुण्याकडचा अंकुशी रुपया, नाशिककडच्या चांदवडच्या टांकसाळीतला चांदवडी, आणि असे आणखी किती तरी. प्रत्येकाचं वजन थोडं वेगळं, चांदीचा कस वेगळा. शेतसारा भरायला गेलं की कुठला रुपया किती आण्यांचा धरायचा हा प्रश्न. तो सोडवणारा माणूस म्हणजे सराफ. सराफ हा शब्द मुळात अरबी, अर्थ पैसे पारखणारा, बदलून देणारा. गावात हेच काम पोतदार करायचा, आणि बहुतेक ठिकाणी गावचा सोनारच पोतदार असायचा. आज आपण ज्यांना पोतदार आडनावाने ओळखतो, त्यांच्या पूर्वजांचं काम नाणं खरं की खोटं हे सांगण्याचं होतं.

आपल्या बोलण्यात ते दिवस अजून आहेत. हलक्या नाण्यावर सराफ जी रक्कम कापायचा तो बट्टा. त्यावरून नावाला बट्टा लागतो. नाणं दगडावर टाकून आवाज ऐकायचा, म्हणून माणूस खणखणीत नाणं असतो आणि गोष्ट वाजवून घ्यायची असते. काळ्या दगडावर सोनं घासायचं तो कस, म्हणून माणूस कसाला उतरतो आणि उत्तम सोन्याला बावनकशी म्हणतात. मैत्रिणींनो, या शब्दांमध्ये एक शहाणपण आहे. ज्याच्याकडून पैसा आला त्याच्या शब्दावर कुणी थांबत नव्हतं. पारख करणारा तिसरा माणूस लागायचा.

१८३५ साली कंपनी सरकारने सगळीकडे एकच रुपया ठरवला. त्याचं वजन बरोबर एक तोळा, म्हणजे आजच्या मापाने सुमारे ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग शुद्ध चांदी. जुनी नाणी बरीच वर्षं फिरत राहिली, पण हळूहळू नाणी पारखायची गरज कमी झाली. नाण्याची हमी आता टांकसाळीने घेतली होती. तोच रुपया बायकांच्या घरात वजनाच्या कामाला आला. रुपयाभार म्हणजे तोळाभर. त्याआधी तोळा मोजायचा तो गुंजांनी, त्या लाल-काळ्या बियांनी. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा. सगळ्या गुंजा काही सारख्या नसतात, तेव्हा माप थोडंफार इकडेतिकडे व्हायचंच.

इथे एक हिशेब लक्षात ठेवा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आता बाजारात तोळा म्हणतात तो १० ग्रॅमचा. आजीच्या काळातली पाच तोळ्यांची माळ म्हणजे जवळजवळ ५८ ग्रॅम. आज “पाच तोळे भरली” असं कुणी सांगितलं आणि आपण मान डोलावली, तर ५० ग्रॅमचे पैसे घेऊन घरी येऊ. आठ ग्रॅम सोनं एका शब्दात गेलं. म्हणून दुकानात तोळ्यात बोलू नका, ग्रॅममध्ये बोला.

नाण्याची हमी मिळाली, पण दागिन्याची मिळाली नव्हती. दागिना कसोटीवरच राहिला. कसोटी म्हणजे गुळगुळीत काळा दगड. त्यावर दागिन्याची रेघ ओढायची, शेजारी ठाऊक असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची आणि रंग ताडून पाहायचा. वर तेजाबाचा थेंब टाकला की हलक्या सोन्याची रेघ फिकी पडते किंवा जाते. जाणत्या सोनाराची नजर यात फार पक्की असे. पण कसोटीला एक मर्यादा आहे. ती दागिन्याचं फक्त वरचं अंग सांगते. आत काय आहे, ते सांगत नाही.

ही अडचण फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सोन्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याचं वेगळं प्रकरण आहे, आणि त्यात सोनं चोरण्याचे पाच मार्ग सांगितले आहेत. तराजूत खोट करणं, चांगलं सोनं काढून हलका धातू घालणं, आटवताना सोनं बाजूला करणं, आत दुसरा धातू ठेवून वरून सोन्याचा पत्रा चढवणं आणि पोकळ दागिन्यात दुसरं काही भरणं. आजच्या तक्रारी ऐका. वजन कमी, कस कमी, घट जास्त धरली, आत डाख जास्त, बोरमाळेच्या मण्यांतली लाख सोन्याच्या भावाने मोजली. दोन हजार वर्षांत यादी फारशी बदललेली नाही.

यात सोनारकाम करणाऱ्यांची निंदा नाही. ठुशी, वज्रटीक, कोल्हापुरी साज हे ज्या हातांनी घडवले त्या हातांचा आपल्याला अभिमान आहे. मुद्दा एवढाच की सोनं घडवताना त्याचा कण कण इकडेतिकडे उडतो, आणि त्या कणालाही किंमत असते. म्हणून तर सोनाराच्या दुकानासमोरची धूळ धुऊन त्यातलं सोनं काढणारे झारेकरी आपल्याकडे आहेत. रस्त्यावरच्या धुळीतून एका घराचं पोट भरत असेल, तर बिलात लिहिलेली घट किती, हे आपण विचारलंच पाहिजे.

आता पुणे जिल्ह्यातल्याच दुसऱ्या गावाकडे जाऊ. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्यांना हवे होते कर्जरोखे. बऱ्याच ठिकाणी ते कागद जाळले गेले. का? कारण कागद सावकाराच्या घरात, अंगठा शेतकऱ्याचा, आणि आत काय लिहिलंय ते वाचता येणार नाही. या उठावाची सरकारी चौकशी झाली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्यात शेतकरी कर्जदाराला पैसे भरल्याची लेखी पावती आणि वर्षाचा हिशेब मागायचा हक्क दिला होता. ही छोटी गोष्ट नव्हती. कागद एकाच्याच हातात असेल तर व्यवहार एकाच्याच बाजूचा राहतो, हे सरकारला मान्य करावं लागलं. सराफाच्या दुकानातही हेच खरं आहे. हिशेब त्यांच्या वहीत आहे, एवढं पुरत नाही. आपल्या हातातही हवा.

विश्वासाला कागद मिळाला. राहिला तो कस. त्याचं उत्तर दूरच्या एका शहरात सापडलं होतं. इंग्लंडमध्ये १३०० सालीच कायदा झाला की चांदीचं काम ठरलेल्या कसाचं असल्याशिवाय त्यावर बिबळ्याच्या तोंडाचा छाप मारायचा नाही. पुढे १४७८ पासून लंडनच्या कारागिरांना आपला माल सोनारांच्या संघाच्या मोठ्या दालनात न्यावा लागू लागला. तिथे तो तपासून छाप मारत. दालन म्हणजे हॉल, छाप म्हणजे मार्क. आपण आज हॉलमार्क म्हणतो तो शब्द इथून आला. यात शहाणपण आपल्या पोतदाराचंच आहे. विकणारा वेगळा, पारखणारा वेगळा.

आपल्याकडे मध्ये एक कडू काळ आला. १९६२ च्या चीनच्या युद्धानंतर १९६३ साली सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. तेव्हाचे अर्थमंत्री मोरारजी देसाई. १४ कॅरेटपेक्षा जास्त कसाचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. हजारो सोनारांचा धंदा बसला. १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, १९६८ साली वेगळा कायदा आला आणि तो शेवटी १९९० मध्ये रद्द झाला. या सगळ्या वर्षांत सरकारचं लक्ष होतं ते कुणाकडे किती सोनं आहे यावर. बाईने पैसे मोजून घेतलेल्या दागिन्यात खरोखर किती सोनं आहे, याची काळजी घेणारी व्यवस्था आली ती २००० साली. भारतीय मानक ब्युरोने सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क सुरू केला. तेव्हा तो सराफाच्या मर्जीवर होता. १६ जून २०२१ पासून पुण्यासह देशातल्या २५६ जिल्ह्यांत तो बंधनकारक झाला, पुढे आणखी जिल्हे वाढत गेले. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. या क्रमांकाला एचयूआयडी म्हणतात.

हॉलमार्क केंद्रात काय करतात? दागिन्याची आधी मशीनवर तपासणी होते. मग नमुन्याचा थोडा कण काढून भट्टीत घालतात. शिशाबरोबर तापवल्यावर हलके धातू निघून जातात, चांदी तेजाबात विरघळते, आणि उरतं ते निव्वळ सोनं. आधीचं वजन आणि नंतरचं वजन मांडलं की कस कळतो. कसोटीचा दगड वरचं सांगायचा, ही भट्टी आतलं सांगते.

आता हे सगळं घेऊन दुकानात जाऊ.

सगळ्यात आधी दागिन्यावरच्या खुणा पाहा. तीन असतात. मानक ब्युरोचं त्रिकोणी चिन्ह, कसाचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. २२ कॅरेटसाठी ९१६, १८ कॅरेटसाठी ७५०, १४ कॅरेटसाठी ५८५. ९१६ म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. खुणा बारीक असतात, सराफाकडे भिंग मागा. मागितलेलं भिंग जो कुरकुर न करता देतो, तो पहिल्या परीक्षेत पास.

मग मोबाईल काढा. ‘बीआयएस केअर’ नावाच्या मोफत ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की दागिना कसला आहे, कस किती, हॉलमार्क कधी आणि कुठल्या केंद्रात झाला, हे दिसतं. हातात साखळी आहे आणि ॲप अंगठी दाखवतंय, तर ती साखळी खाली ठेवा. ॲप वापरता येत नसेल तर गटातली शिकलेली पोर बरोबर न्या. सोनं घ्यायला एकटं जाऊ नये, ही जुनी रीत उगाच नव्हती.

तिसरी गोष्ट काटा. त्यावर वैधमापन विभागाचा चालू वर्षाचा शिक्का असतो. काटा शून्यावर आहे ना ते पाहा. मंगळसूत्रात काळे मणी असतील, खडे असतील, लाख असेल, तर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन दोन्ही विचारा. मण्यांना सोन्याचा भाव नको.

चौथी गोष्ट बिल. त्यात दागिन्याचं नाव, निव्वळ वजन, कॅरेट आणि कसाचा आकडा, त्या दिवसाचा भाव, घडणावळ, घट धरली असेल तर ती, हॉलमार्कचा खर्च आणि कर हे सगळं वेगवेगळं लिहिलेलं असावं. “बिल नको, कर वाचेल” असं कुणी म्हटलं तर सुप्याच्या शेतकऱ्यांची आठवण काढा. वाचलेला कर थोडा असतो, गेलेला पुरावा सगळा असतो.

पाचवी गोष्ट परतीची. “हाच दागिना पुढे तुम्हीच घेतला तर किती कापाल?” हे विकत घेतानाच विचारा आणि बिलावर लिहून घ्या. जुनं मोडायला नेलं तर आधी वजन, मग आपल्यासमोर तपासणी, आटवणार असतील तर आपल्यासमोर आटवणं आणि पुन्हा वजन. हॉलमार्क नसलेलं घरचं जुनं सोनं सराफ विकत घेऊ शकतो. हॉलमार्क नाही म्हणून ते कवडीमोल, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

हॉलमार्क नसणं म्हणजे प्रत्येक वेळी फसवणूक नव्हे, हेही सांगते. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्यांना, म्हणजे मुरणी किंवा छोट्या टॉप्सना तो बंधनकारक नाही. कुंदनच्या जडावाच्या कामाला नाही. ज्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत आहे अशा लहान सराफालाही सूट आहे. गावातला प्रामाणिक सोनार या सुटीत बसत असेल. त्याच्याकडून जरूर घ्या, पण बिलावर कस लिहून घ्या. शंका आली तर मान्यताप्राप्त हॉलमार्क केंद्रात सामान्य माणसालाही दागिना तपासून घेता येतो. चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये आणि वर कर, एवढा खर्च येतो.

कस कमी असला तर नुकसान किती, याचा हिशेब करू. २० ग्रॅमचं मंगळसूत्र २२ कॅरेटचं म्हणून घेतलं. त्यात शुद्ध सोनं असायला हवं १८.३३ ग्रॅम. ते निघालं १८ कॅरेटचं, म्हणजे शुद्ध सोनं १५ ग्रॅम. फरक ३.३३ ग्रॅम. हिशेब सोपा जावा म्हणून शुद्ध सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरला, तर ३३,००० रुपयांहून जास्त गेले. हॉलमार्क असलेल्या दागिन्याचा कस असा कमी निघाला तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागायचा हक्क नियमात आहे. पण त्यासाठी बिल लागतं.

आता भिशीबद्दल. सराफाकडे दरमहा पैसे भरायचे, अकरा हप्ते आपले आणि बारावा त्यांचा, अशा योजना गावोगाव आहेत. अकराच महिने का? कंपन्यांच्या नियमात वस्तूसाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत वस्तू देऊन फेडली नाही, तर ती ठेव समजली जाते. म्हणून प्रामाणिक योजना वर्षाच्या आत संपते आणि शेवटी सोनं देते. कुणी दोन-तीन वर्षांची ठेव मागत असेल, व्याज सांगत असेल, तर तो सराफ राहिला नाही, ठेवी गोळा करणारा झाला. नियमबाह्य ठेवींवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा २०१९ सालचा आहे. त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर ठाणे-डोंबिवलीकडच्या एका मोठ्या पेढीच्या दुकानांना एकाएकी कुलपं लागली आणि पैसे गुंतवलेले लोक दारात उभे राहिले. पाट्या मोठ्या होत्या, दिवे झगझगीत होते. म्हणून सांगते, गटाचे पैसे बँकेत साठवा आणि सोनं घ्यायच्या दिवशी रोख दाम देऊन घ्या. मधला महिना-महिना आपला पैसा दुसऱ्याच्या गल्ल्यात कशाला?

शेवटची आणि सगळ्यात मोठी गोष्ट. बिल कुणाच्या नावावर? घरात सोनं बाईच्या अंगावर असतं, पण बिल बहुतेक वेळा पुरुषाच्या नावाचं. १९८५ साली प्रतिभा राणी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्त्रीधन ही त्या स्त्रीची स्वतःची मालमत्ता आहे, सासरी ठेवलं म्हणून ते सासरचं होत नाही. कायदा आपल्या बाजूने आहे. पण घरात वाद झाला, नवरा गेला, दीर-जावा दारात आल्या, तेव्हा हा दागिना माझा, हे दाखवायला काय असतं? लग्नाचे फोटो आणि बिल. माहेरच्यांनी मुलीला सोनं दिलं तर बिल मुलीच्या नावावर करा. स्वतःच्या कमाईतून घेतलं तर स्वतःच्या नावावर. मूळ बिल दागिन्याच्या डबीत ठेवू नका, कारण डबी गेली तर दोन्ही जातं. वेगळं ठेवा, आणि मोबाईलमध्ये फोटो काढून मुलीलाही पाठवा.

मग विश्वासू सराफ कोण? जो भिंग देतो, क्रमांक तपासू देतो, काटा दाखवतो, सगळं वेगळं वेगळं लिहून देतो आणि परत घ्यायचं वचन कागदावर उतरवतो. तो सासऱ्यांच्या वेळचा असेल तर उत्तमच. अशा माणसाला आपण विचारलेल्या प्रश्नांचा राग येत नाही. त्याच्या आजोबांनी तर उभं आयुष्य दुसऱ्याचं नाणं वाजवून पाहण्यात घालवलं होतं.

येत्या बैठकीला प्रत्येकीने एक दागिना आणि त्याचं बिल घेऊन यावं. एक भिंग आणि एक मोबाईल पुरेल. कुणाच्या दागिन्यावर काय लिहिलंय, बिल कुणाच्या नावावर आहे, आणि कुणाकडे बिलच नाही, ते एकमेकींना दाखवा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी त्याच आठवड्यात आपल्या सराफाकडे जाऊन मागावं.